खेकड्याची चिठ्ठी

दि. १२ फेब्रुवारी, सकाळ

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते. एकूण घरात सूर लागलेला आहे. मागच्या खोलीला रंग दिला. तुझा पत्ता मामेबहिणीकडून मिळवला, रागावू नकोस.

परवा शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेतलं जुनं कपाट मोडीत निघणार, म्हणून विज्ञानाच्या नव्या बाईंनी मुद्दाम बोलावलं. बरणीतलं गांडूळ पाहिलं आणि वर्गात म्हणायचो ती माझी कविता ओठांवर आली:

हाड ना कवच, अंगात पाणी,
तरी मातीतून चालली राणी!

घरी आल्यावर तू म्हणायचीस, "दादा, यमकासाठी तू गांडुळाला राज्य देऊन टाकलंस."

खालच्या फळीवर तो खेकडा होता. माझ्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'मृत खेकडा'. बाई हसल्या. "सर, मेलाय कुठे? हे नुसतं टाकलेलं कवच आहे. मागून उसवलंय बघा."

सातवीत, भर वर्गात, तू हेच म्हणाली होतीस. "दादा, हा मेला नाही, निघून गेलाय."

"वर्गात सर म्हणायचं," असं म्हणून मी तुला तासभर बाहेर उभं केलं.

त्याच संध्याकाळी मी भिंगातून पाहिलं. आत काही नव्हतं. डोळ्यांवरची टोपणंसुद्धा जागच्या जागी सोडून स्वारी गेलेली. चिठ्ठी मात्र मी बदलली नाही.

बाईंना मी ऐटीत सांगू लागलो, कवच टाकलेला खेकडा अगदी मऊ असतो. नवं कवच टणक होईपर्यंत त्याला एखादी कपार लागते, नाहीतर... आणि मला आपलं दार आठवलं.

एकोणीस वर्षांपूर्वी सासर सोडून, एक पिशवी घेऊन, तू दारात उभी होतीस. "जरा घट्ट हो, परत जा," म्हणालो आणि दार लोटलं. तेव्हाही तू बरोबर होतीस. तेव्हाही मला कळलं होतं. माणसाची हाडं आत असतात, असं जन्मभर शिकवलं गं; माझी त्या दिवशी सगळी बाहेरच होती.

जुनी चिठ्ठी खरवडून काढली. नवी लावली: 'कवच. खेकडा निघून गेला आहे. ओळखणारी: इयत्ता सातवी, पहिला बाक.'

मागच्या खोलीला कडी आतून बसवली आहे, तुझ्या हाताला येईल अशी. यायचं की नाही, ते तू ठरव.

वर्गाबाहेर उभा असलेला,
तुझा दादा