एलिसचा उजवा हात

मी, हार्लन स्टोव्हॉल, वय त्र्याहत्तर, निवृत्त बेसबॉल कोच, राहणार कॉटर स्प्रिंग्ज, मिझुरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्या हृदयाची हमी डॉक्टर देत नाहीत. डोके मात्र ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणाची भीड नाही. भीड धरली असती तर एखाद्या मोठ्या विद्यापीठातून निवृत्त झालो असतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझी पत्नी लोरीन हयात असताना केले होते आणि त्यात मी सगळ्यांशी फार गोड बोललो होतो.

कलम १. बँकेतील शिल्लक, लोरीनचा पियानो व तिचे दागिने माझी एकुलती मुलगी मेरिली हिला मिळावेत. ते तिच्या एकटीच्या मालकीचे राहतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. मेरिलीचा नवरा डेल क्रेब्स यास काहीही देऊ नये. हे नजरचुकीने राहून गेले असे कोणी म्हणू नये, म्हणून स्वतंत्र कलम लिहीत आहे.

डेल कॉलेजच्या संघात माझा सहायक होता. कष्टाळू होता. मैदानात पाणी साचले की माझ्याआधी फावडे घेऊन हजर. आमच्या टेबलावर बसून लोरीनच्या हातचे जेवण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि माझ्या मुलीकडे बघत राहायचा. मला दोन्ही चालत होते.

१९९८ साली आमचे एवढेसे कॉलेज विभागाच्या अंतिम सामन्यात पोचले. एलिस वॉर्डलो हा आमचा पिचर. त्याच्यासारखा चेंडू टाकणारा मुलगा मला पुन्हा मिळाला नाही. शुक्रवारचा अख्खा सामना त्याने एकट्याने टाकला होता; एवढ्यानंतर हाताला चार दिवस तरी विश्रांती लागते. अंतिम सामना रविवारी होता. त्या सकाळी तो कॉफीचा कप डाव्या हाताने उचलताना मला दिसला. थोड्या वेळाने कॉलेजचे क्रीडाप्रमुख प्रेंटिस हेल संघाच्या बसपाशी आले.

"आज एलिसच टाकणार ना?"

"नाही. त्याचं कोपर दुखतंय."

"मी विचारलं त्याला. तो तयार आहे."

"वीस वर्षांचा आहे तो. हात कापून मागितलात तरी तयार होईल."

"स्टोव्हॉल, नोकरी नकोशी झालीय का तुम्हाला?"

डेल शेजारीच उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मी दुसऱ्या मुलाच्या हाती चेंडू दिला. आम्ही हरलो. जूनमध्ये मला काढले आणि माझी जागा डेलला दिली. त्या संध्याकाळी तो मेरिलीला घेऊन घरी आला.

"कोच, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी बाहेरून कुणाला तरी आणलं असतं."

"मग आणू द्यायचं होतंस."

शरद ऋतूत त्यांचे लग्न झाले. लोरीनने हात जोडले म्हणून मी मुलीचा हात धरून चर्चमध्ये चालत गेलो. भाषण केले नाही.

पुढच्या वसंतात डेलने एलिसला शुक्रवारी टाकायला लावले आणि रविवारच्या अंतिम सामन्यात पुन्हा. आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले. मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो होतो. शेवटचा फलंदाज बाद होताच सगळ्या संघाने जल्लोषात एलिसच्या अंगावर उड्या घेतल्या. त्या ढिगाऱ्यातून तो उठला तेव्हा उजवा हात छातीशी धरून होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो पुन्हा कधी खेळला नाही. डेलला त्याच उन्हाळ्यात टेक्सासच्या एका विद्यापीठाने उचलले. मी पेन्शन मिळेपर्यंत हायस्कूलच्या पोरांना मोटार चालवायला शिकवत होतो.

कलम ३. कॉलेजला आता मैदानाला माझे नाव द्यायचे आहे. डेलने शब्द टाकला आहे म्हणे. माझी परवानगी नाही. अंत्यविधीला डेलने मेरिलीचा नवरा म्हणून यावे, बाकावर बसावे. बोलू नये.

कलम ४. गॅरेजमधील चेंडू फेकण्याचे यंत्र हायस्कूलच्या मुलींच्या संघास द्यावे. ते कितीही राबवले तरी त्याचे कोपर निखळत नाही.

कलम ५. माझे राहते घर, जमिनीसह व आतील सामानासह, एलिस वॉर्डलो यास मिळावे. तो टायरचे दुकान चालवतो व दुकानामागच्या खोलीत राहतो. रविवारी माझ्याकडे सामना बघायला येतो. या उन्हाळ्यात मी त्याला म्हणालो, "डेलने तुझं आयुष्य नासवलं."

त्याने बिअर खाली ठेवली. "कोच, राग मानू नका. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता तो. डेलने दिला मला."

"आणि हात?"

"हात गेला. पण माझाच होता ना? आदल्या वर्षी तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत. ते नाही विसरलो मी."

मी टीव्ही बंद केला. तो डाव्या हाताने ग्लास विसळून निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तो विषय दोघांनीही काढला नाही.

ज्याच्यासाठी मी इतकी वर्षे जावयाशी धड बोललो नाही, त्याचा राग जावयावर नाही, माझ्यावर आहे. तरी घर त्याचेच. कोणतीही अट नाही. आणि तो रविवार पुन्हा उगवला तर मी त्याला चेंडू देणार नाही, विचारणारही नाही.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचला. शेजारीण ओपल डिन्समोर चष्मा काढून म्हणाली, "हार्लन, यात कुणालाच माफी दिलेली दिसत नाही."

"ओपल, जवळ असेल तेवढंच देता येतं."

तिने सही केली.

सही: हार्लन स्टोव्हॉल

साक्षीदार:
१. ओपल डिन्समोर, निवृत्त शिक्षिका
२. व्हर्नन स्क्रग्ज, कॉलेज मैदानाचे माजी माळी

स्थळ: कॉटर स्प्रिंग्ज, मिझुरी
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४