फाटकाचा उरलेला हिरवा

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला शब्दशः घ्यावा. कमरेत उसण भरल्यामुळे मी हे पत्र जमिनीवर पालथा पडूनच लिहितो आहे.) तुमचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? पाणी येतं का? मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली नखं कापण्यासारखं झालंय, असं जो तो सांगतो. सांगणाऱ्याचं स्वतःचं मात्र कधी झालेलं नसतं. डोळा लवकरात लवकर बरा व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमची बहीण थेंब घालायला तिथे आहे म्हणून मी निश्चिंत आहे. म्हणजे तुमच्याबाबतीत निश्चिंत आहे.

एक विनंती आधीच करतो. हे पत्र उघड्या डोळ्याने तुमचं तुम्हीच वाचा, तिच्याकडून वाचून घेऊ नका. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ती कायम शेजारी. मागे मी फोन करून स्प्रे गनला हवा किती ठेवायची, हे सहज विचारलं होतं, आठवत असेल. मी फाटक रंगवतोय असं म्हणालो होतो. दादा, मी फाटक रंगवत नव्हतो.

तुम्हाला ठाऊक आहेच की निवृत्त झाल्यापासून ही गिटार शिकते. वर्गात बाकीची सगळी नातवंडांच्या वयाची. पण ही मागच्या बाकावर बसून बोटांची सालं निघेपर्यंत वाजवते. मग मास्तरांनी तिच्या डोक्यात भरवलं की स्वतःची गिटार स्वतः करावी. झालं. गेला पूर्ण हिवाळा ती मागच्या व्हरांड्यात दार लोटून घेऊन लाकडावर काचपेपर घासत बसायची आणि गुणगुणायची. (मी डोकावलो की दोन्ही थांबायचं.) आमच्या लग्नापासून या बाईने स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नाही. छत्रीसुद्धा माझी मोडली की तिची मला द्यायची आणि माझी दुरुस्त करून स्वतः वापरायची. तेव्हा ती तुमच्याकडे निघाल्यावर मला वाटलं, आपण ते लाकूड रंगवून ठेवावं. ती दारात पाऊल टाकेल आणि समोर तयार रंगवलेली गिटार. तुम्ही आयुष्यभर गाड्या रंगवल्यात, तुमची गन आमच्या माळ्यावर धूळ खात पडली आहे, आणि मी तुम्हाला रंगवताना कितीतरी वेळा पाहिलं आहे. पाहून येतं असं मला वाटायचं.

जाताना हिने सूचनांचा भडिमार केला होता. दूध उतू घालवू नका, कुंड्यांना पाणी घाला, खाटेखाली झाडू घालू नका. गिटारबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा मी शोधाशोध केली. कपाटावर एक गुळगुळीत छापील खोकं होतं, आत थर्माकोल, थर्माकोलमध्ये पातळ कागद आणि कागदात गिटारचं कोरं धड. (मध्ये भोक नाही हे पाहून मी घाबरलो होतो. विजेवरच्या गिटारला ते नसतं असं मागून कळलं.) हेच ते, हे कोणीही ओळखलं असतं. आणि खाटेखाली त्याच आकाराचं दुसरं एक, माझ्या फाटक्या स्वेटरात गुंडाळलेलं. त्याच्या कडेला शाईचा जुना डाग आणि चाकूने ओढल्यासारखी एक खोल रेघ. म्हणजे हिचा पहिला, फसलेला प्रयत्न. (झाडू मी घातला नाही. फक्त हात घातला.) ही बाई बांगड्या पिठाच्या डब्यात ठेवते आणि रिकाम्या अत्तराच्या बाटल्या कपाटात कुलूप लावून, तिच्या ठेवण्यातून काही ठरवणं अवघड, पण फाटका स्वेटर तो फाटका स्वेटर.

तुम्ही नेहमी म्हणायचा की आधी भंगारावर हात बसवावा. तुमचा शब्द मी मोडला नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला, न्हाणीघराची फरशी ओली केली म्हणजे धूळ बसते, आणि ते खाटेखालचं लाकूड दोरीवर टांगलं. शाईचा डाग घासला, रेघेत पुट्टी भरून सपाट केली. फाटकाचा हिरवा रंग उरला होता तो पातळ करून गनमध्ये ओतला, कारण सरावाला चांगला रंग कोण वापरतो? आणि दादा, काय सांगू. वीतभर अंतर, आधी हात हलवायचा मग घोडा दाबायचा, पहिला हात धुक्यासारखा, दुसरा ओला. सगळं तुमच्यासारखं जमलं. मी शीळ वाजवत होतो. रंग असा बसला की त्यात मला माझ्या नाकातले केस दिसले. फुकटचं लाकूड, पण तळहातासारखं गुळगुळीत होतं, हे त्याचं कारण असावं. मला वाटलं, आपण उगाच ऑफिसात जन्म घालवला.

तिथेच दृष्ट लागली. दुसऱ्या दिवशी खोक्यातलं टांगलं. त्याच्यासाठी पिकलेल्या जांभळाचा रंग मुद्दाम बनवून घेतला होता. एकदा दुकानाच्या काचेपाशी ही त्या रंगासमोर थांबली होती, आणि ही कधी कशापाशी थांबत नाही. गन उचलली आणि मनात आलं, हे खरं आहे. मनात आलं आणि तुमचा क्रमच उलटा झाला. घोडा आधी दाबला गेला, हात मागून हलला. एका जागी रंग साचून ओघळ आले; ते पाहून मी भिऊन लांब गेलो तर तिथे संत्र्याच्या सालीसारखी खरखर उठली; ती झाकायला जवळ गेलो तर पुन्हा ओघळ. एवढ्यात समोरचं सगळं अंधुक झालं. शप्पथ सांगतो, मला वाटलं तुमचा मोतीबिंदू मला लागला. चष्म्यावर रंग बसला होता, तो पुसेपर्यंत एक डास येऊन ओल्या रंगात बसला आणि तिथेच राहिला. त्याला चिमट्याने काढताना पाय घसरून मी बादलीवर आपटलो. उसण तेव्हाची. तेव्हा नुसती चमक होती, पुढच्या घासाघाशीत पक्की धरली.

लवकर वाळावा म्हणून मी हिचा केस वाळवायचा ड्रायर लावला. फोड आले. मग पंखा लावून पुन्हा एक हात मारला, तर त्याने रंगाचा सगळा फवारा खिडकीतून शेजारच्या नर्सबाईंच्या दोरीवर नेऊन सोडला. त्यांच्या पांढऱ्या गणवेशावर आता गोवर उठल्यासारखे ठिपके आहेत. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “काका, तुमच्याकडे काय चाललंय? आरसा बघितलात का?” मी बघितला. मिशी जांभळी झाली होती. ती अजून तशीच आहे.

त्यानंतर मी ते घासलं, पुन्हा मारलं, पुन्हा घासलं. जितकं सुधारायला जावं तितकं बिघडतं. काल कडेला घासताना रंगाखालून लाकडाचे पदर सुटायला लागले आणि मी काचपेपर खाली ठेवला. आता जेवण गोड लागत नाही. फाटक वाजलं की मी चादर डोक्यावरून ओढून घेतो. दूधवाला मला भेकड समजत असेल.

खरं सांगायचं तर मला तिच्या रागाची भीती नाही. ती रागावली तर मी सुटेन. ती रागावत नाही. ती बघेल, तळहात फिरवेल आणि म्हणेल, ‘असू दे.’ माझ्या नोकरीत बढती हुकली तेव्हा असू दे, फिरायला जायचं राहिलं तेव्हा असू दे. पूर्ण हिवाळा घासलेल्या लाकडावर तिचं ‘असू दे’ मला ऐकवणार नाही, दादा. तेवढं एक नको आहे.

बाकी इकडे सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. रंग काढून, नव्याने मारून, वाळायला मला अजून आठवडा तरी हवा. तेव्हा आपला डोळा इतक्यात बरा होऊ देऊ नये. वर मी ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं आहे, ते रिवाज म्हणून लिहिलं आहे. थोडं चुरचुरतं असं म्हणत राहा. डॉक्टरांनाही म्हणा. खोटं बोलायचं जिवावर येत असेल तर डोळा हळूच चोळा, म्हणजे खरंच चुरचुरेल.

पुन्हा ता. क. : वरची विनंती रद्द. डोळा चोळला असल्यास थांबवावा. ही आत्ताच रिक्षातून उतरली. तुमच्या स्पीकरवर माझ्या तोंडून फाटक रंगवतोय हे ऐकल्यावर, फाटक तर गेल्याच वर्षी झालं, असं तिच्या लक्षात आलं म्हणे. तिने दोन्ही पाहिली. आधी जांभळं पाहिलं, मग व्हरांड्यात वाळत घातलेलं हिरवं. हिरव्यापाशी बराच वेळ उभी होती, मग पायरीवर बसली, आणि मग हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. ‘असू दे’ म्हणाली नाही. काय समजावं? माझी भीती दुप्पट झाली आहे. हे पत्र आता तिच्याच हाती पेटीत टाकायला देतो. मला उठता येत नाही. रंग नीट काढणारं थिनर कोणतं ते कळवा.

दादा, मी लिहिते आहे. यांनी पाकिटाला गोंदच लावला नव्हता, त्यामुळे पत्र वाचल्याचं पाप अर्धंच लागेल.

जांभळं ते प्लायवूड आहे. मास्तरांनी हात बसवायला दिलेलं, त्याचे पदर सुटणारच. स्वेटरातलं ते बाबांच्या टेबलाचं, तू सुताराकडून कापून पाठवलेल्या फळीचं. हिवाळाभर मी घासत होते ते हेच. अभ्यासाला बसून तू चाकूने ओढलेली रेघ आणि माझी सांडलेली शाई मी मुद्दाम ठेवली होती, यांनी ती पुट्टी भरून बुजवली. पायरीवर बसून मी आधी रडले, तुला खोटं कशाला सांगू. पण मग तळहात फिरवला. कुठे ओघळ नाही, खरखर नाही, तुझ्या हातच्या गाडीसारखं झालं आहे. या माणसाने न घाबरता केलेलं मी पाहिलेलं हे पहिलंच काम. रेघ आणि शाई कुठे गेलेली नाहीत, आत आहेत, वरून फक्त आमचं फाटक आहे. मी याच्यावरच तारा चढवणार.

यांना यातलं काही कळवू नकोस. कळलं तर उद्याच थिनर घेऊन हिरव्याला भिडतील. प्लायवूड घासत बसू देत, कंबर बरी होईपर्यंत काही उद्योग हवाच.

थेंब वेळेवर घाल. तुझा डोळा लवकर बरा व्हावा असं या घरात निदान एका माणसाला वाटतं.