जांभळ्या रेघेच्या आत

मी, रसेल स्टॅनली कोवाल, वय तेवीस, राहणार लॅकवाना, रिज रस्त्यामागच्या गल्लीत आईच्या घराचा वरचा मजला, हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोकं गरम आहे, पण ते लहानपणापासून आहे, त्यामुळे कागद रद्द होत नाही असं वाचनालयात शनिवारी फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी सांगितलं आहे. येत्या मंगळवारी, २२ एप्रिलला, माझ्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कापून तिथे कृत्रिम नळी बसवणार आहेत. वाचण्याची शक्यता किती, तो आकडा डॉक्टरांनी मला सांगितला. मी आईला सांगितलेला नाही आणि इथेही लिहीत नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर होतं नव्हतं ते सगळं ग्रेटा बानासच्या नावे लिहिलं असतं. या मृत्युपत्राने ग्रेटा बानासला काहीही मिळत नाही. एक खिळासुद्धा नाही. कारण कलम नऊमध्ये आहे. तोवर कोणी गैरसमज करून घेऊ नये.

कलम २. बँकेत जे असेल ते, आणि गंजलेला ट्रक, आईचा. आई, ट्रक विकून टाक. दुसऱ्या गिअरला अडकतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगू नकोस.

कलम ३. कॉलेजच्या संघाचं निळं जाकीट कोणीही घ्यावं, पण त्यावरचं माझं नाव उसवून. मी त्या कॉलेजात पाच सत्रं होतो. चेंडू झेलणारा, म्हणजे रिसीव्हर. चाळीस यार्डं मी चार पूर्णांक चार सेकंदांत पळत होतो, हे घड्याळाने मोजलेलं आहे. नंतर तपासणीत ही रक्तवाहिनी फुगलेली निघाली आणि प्रशिक्षकांनी मला दारात उभ्याउभ्या सांगितलं, "कोवाल, कपाट रिकामं कर." बसायलासुद्धा सांगितलं नाही. मी हेल्मेट त्यांच्या खिडकीवर फेकलं आणि त्याच दिवशी बस पकडून घरी आलो. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. काचेबद्दल मी माफी मागितलेली नाही. मेल्यानंतरही मागणार नाही. नोंद व्हावी.

कलम ४. रिसीव्हरांच्या नोंदींच्या अठरा वह्या डोलोरेसबाईंना द्याव्यात. वकीलबाईंना आमच्या या हातांनी झेलायच्या फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तसं हा कागद वाचणाऱ्यालाही कळत नसेल, म्हणून लिहितो. दर एप्रिलात मोठे संघ कॉलेजच्या पोरांमधून आळीपाळीने एकेकाला उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या संघाने कोणता रिसीव्हर उचलावा यावर आम्ही काही माणसं जानेवारीपासून डोलोरेसबाईंच्या गुत्त्यात दर शनिवारी दुपारी भांडतो. आमचं तिथे कोणी ऐकत नाही. संघ आपल्याला हवं ते करतो. तरी भांडतो.

तिथे भिंतीला संडासाचं एक जुनं दार टेकवून ठेवलेलं आहे. बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर पोरांची नावं लिहून ती दारावर वरून खाली ठोकायची. प्रत्येक माणसाला वर्षाला एकच खिळा. ठोकलेली चकती दुसऱ्याला हलवायची असेल तर उभं राहून बोलायचं. बोलून मिटलं नाही तर बाहेर मोटारींच्या जागेत जाऊन करून दाखवायचं. हे सगळे नियम लेस्टर बानास यांनी घातले. पोलादाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी घातले.

कलम ५. थांबघड्याळ डोलोरेसबाईंना. आमच्यातल्याच हेक्टर मेलेंदेझला ते हवं होतं. मी त्याला साक्षीदार हो म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "आणि मला काय?"

"साक्षीदाराला काही देता येत नाही. दिलं तर देणं रद्द होतं."

"म्हणजे मी बस चालवून दमून यायचं, सही करायची, आणि घड्याळ त्या बाईला? तिला अंडी उकडायला?"

"हो."

"तू मरू नकोस बाबा. मरून तुझा स्वभाव सुधारणार नाही."

कलम ६. पांढरे पळण्याचे बूट कोणालाही देऊ नयेत. पलंगाखाली खोक्यात आहेत. उघडून न बघता जाळावेत.

कलम ७. ग्रेटाला लिहिलेली आणि न टाकलेली अकरा पत्रं त्याच खोक्यात आहेत. तीही जाळावीत. त्यात काय आहे ते सगळ्या लॅकवानाला माहीत आहे. ती पालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवते आणि पहाटे आमच्या गल्लीतून जाताना मी दोन हिवाळे खिडकीत उभा राहिलो आहे, ताप असतानासुद्धा. एकदा तिने काच खाली करून विचारलं होतं, "कोवाल, तुला झोप नाही का रे?" मी म्हणालो, "नाही." एवढं बोलून झाल्यावर मी आठवडाभर शीळ घालत हिंडलो. हे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या आधीचं.

कलम ८. हे कलम देण्याघेण्याचं नाही. हे झालेलं आहे तसं लिहितो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, दारावरच्या पहिल्या जागेवरून माझं आणि लेस्टर बानास यांचं, म्हणजे ग्रेटाच्या वडिलांचं, वाजलं. त्यांचं वय त्रेसष्ट. मी ट्रेमेन ओकली नावाच्या पोराची चकती वर ठोकली होती. त्यांना तिथे प्रुइट हवा होता, हळू पळणारा, पण हात चांगला असलेला.

"ओकली चाळीस यार्डं चार पूर्णांक तीनमध्ये पळतो," मी म्हणालो.

"पळू दे की. चेंडू मागे विसरून पळतो," लेस्टर म्हणाले. "आणि मैदानाच्या कडेला झेललेला त्याचा एक झेल दाखव, दोन्ही पाय आत असलेला. कॉलेजात एक पाय रेघेच्या आत पडला तरी चालतो. मोठ्या संघांत दोन लागतात. ही एका पायाची पोरं आहेत."

"पाय शिकवता येतात. वेग शिकवता येत नाही."

"पोरा, वेगवान पोरं मी रग्गड पाहिली आहेत. एक तर समोरच बसलंय. कॉलेज अर्धं टाकून."

सगळे हसले. हेक्टर हसला. डोलोरेसबाई ग्लास पुसत होत्या, त्याही हसल्या. लेस्टर यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "चला बाहेर. मी टाकतो, तुम्ही झेला. दोन्ही पाय आत. बघू तुमच्याकडे काय आहे ते."

"रसेल, बस खाली," डोलोरेसबाई म्हणाल्या. "लेस्टर, तूसुद्धा. वय काय तुझं, चाललायस कुठे?"

"शाळेच्या संघात होतो मी," ते म्हणाले. कोट घालत होते तेव्हा खूश दिसत होते.

बर्फ घोट्याएवढा होता. बर्फावर रेघ दिसावी म्हणून आम्ही नेहमी लोगनबेरीचं जांभळं सरबत ओततो. तशी जांभळी रेघ मी ओढली. तळ्यावरून वारा येत होता, त्यामुळे बाकीचे दारातून हलायला तयार नव्हते. म्हणून टाकणारा मीच आणि पंचही मीच. मला पळायला मनाई होती, टाकायला नव्हती.

मी मुद्दाम लांब टाकला, कोपऱ्यात, कोणाच्याही हाताला लागू नये असा. लेस्टर पळाले, अंग लांबवलं आणि बोटांच्या टोकांवर घेतला. डावा पाय टेकवला. मग उजवा ओढून टेकवला. मग रेघेपलीकडच्या ढिगात तोंडावर पडले, चेंडू छातीशी धरून. मी चालत तिथे पोचलो. दोन्ही ठसे आत होते. उजव्या ठशात आणि जांभळ्या रेघेत माझी चार बोटं मावली असती.

"आत की बाहेर?" हेक्टर दारातून ओरडला.

लेस्टर अजून माझ्याकडे पाठ करून पडलेले होते. मी उजव्या पायाने तो ठसा पुसला. घासत रेघेवरून पलीकडे नेला. आणि ओरडलो, "बाहेर! उजवा पाय रेघेवर!"

लेस्टर उठले. गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. पुसलेल्या जागेकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे, मग माझ्या तोंडाकडे. त्यांना कळलं. एक शब्द बोलले असते तर मी कबूल केलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "परत टाक."

परत जागेवर गेले. चार पावलं पळाले आणि मागे खुर्ची आहे असं समजून बसावं तसे खाली बसले. चेंडू माझ्याच हातात होता. रुग्णवाहिका बर्फातून लवकर आली, पण उपयोग झाला नाही.

माझ्या हृदयाची तपासणी झाली होती. त्यांच्या हृदयाची कोणी केली नव्हती. पहिला झेल मी मान्य केला असता तर ते आत येऊन माझी चकती खाली ठोकून बसले असते, वर्षभर मला टोमणे मारले असते, आणि आज इथे असते. त्यांच्या हृदयाला दुसऱ्यांदा पळायला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं.

इस्पितळात ग्रेटा कामाच्या कपड्यांतच आली. माझ्यासमोरच्या बाकावर बसली. डॉक्टर सांगून गेले. बऱ्याच वेळाने तिने मला एकच प्रश्न विचारला, "झेलला का त्यांनी?"

मी म्हणालो, "पहिला बाहेर गेला. दुसरा टाकलाच नाही."

ती मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, रडतेय.

दुसऱ्या दिवशी तिथला बर्फ काढायचं काम तिच्याच ट्रकावर आलं. रेघ, ठसे, सगळं तिनेच ढकलून नेलं. त्यानंतर ती माझ्याशी एकदा बोलली आहे. मी रस्त्यात उभा होतो. ती म्हणाली, "बाजूला हो."

गुत्त्यात अजून म्हणतात, बिचारा लेस्टर, शेवटचा झेल चुकला. दारावर त्यांची प्रुइटची चकती खालच्या टोकाला तशीच आहे. ओकली आणि प्रुइट, दोघांपैकी कोणालाही आमच्या संघाने घेतलं नाही.

ते चुकले नव्हते. दोन्ही पाय आत होते. झेल पूर्ण होता. मी खोटं बोललो.

कलम ९. वकीलबाईंनी सांगितलं की मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. हे ऐकून मला आधी बरं वाटलं. घरी येईपर्यंत लाज वाटायला लागली. म्हणजे मी मरायचं, आणि तिने एकटीने हे वाचायचं, आणि ओरडायला समोर कोणी नाही. म्हणून कलम आठ आजपासून, मी जिवंत असताना लागू आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी ग्रेटाला काही ठेवलेलं नाही, म्हणजे तिला सही करता यावी. मी तिच्या दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली होती, साक्षीदार पाहिजे, शनिवारी चार वाजता. तिने निरोप पाठवला, "येते." साक्षीदाराने मजकूर वाचायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. तिने वाचल्याशिवाय सही करू नये. वाचून करायची नसेल तर करू नये. मग कागद अपुरा राहील आणि आईला ट्रकासाठी कचेरीत खेपा घालाव्या लागतील. आई, माफ कर.

कलम १०. या वर्षीचा माझा खिळा मी अजून वापरलेला नाही. येत्या गुरुवारी ड्राफ्ट आहे. मी तेव्हा इस्पितळाच्या खाटेवर तरी असेन, नाहीतर नसेन. तो खिळा डोलोरेसबाईंनी माझ्या वतीने वापरावा. कोणत्याही नव्या पोराला नको. लेस्टर यांची जुनी चकती काढावी, तिच्या मागे त्यांचं नाव लिहावं आणि दारावर सगळ्यात वर ठोकावी. कोणी हरकत घेतली तर त्याने उभं राहून बोलावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डोलोरेसबाईंनी करावी. माझ्या मागे कोणी भांडू नये, रिसीव्हरांवरून सोडून.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीत लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: डोलोरेसबाईंचा गुत्ता, दारासमोरचं टेबल, लॅकवाना
दिनांक: १९ एप्रिल २०२५, शनिवार

(सही) रसेल एस. कोवाल

साक्षीदार पहिला: हेक्टर मेलेंदेझ, बसचालक. सही माझ्यासमोर केली. माणूस शुद्धीत होता. आठवं कलम मीही वाचलं. घड्याळाबद्दल बोललो ते सोडून द्या.

साक्षीदार दुसरी: ग्रेटा बानास, पालिका, रस्ते विभाग. सही माझ्यासमोर केली. सगळं वाचलं.

बाबांचे बूट इस्पितळाने पिशवीत घालून दिले होते. फिकट पिवळ्या कातड्याचे. त्यांना कुठेच जांभळं नव्हतं. तुझ्या उजव्या बुटाला होतं. समोर बसला होतास तेव्हाच दिसलं. मी रडत नव्हते. चौदा महिने तू कधी बोलतोस याची वाट बघत होते.

कागदावर मला हे पुरत नाही. मंगळवारी उठला नाहीस तर इथे सगळ्यांसमोर मी वाचून दाखवीन. उठलास तर तू उभा राहून सांगायचंस.

बूट जाळायचे नाहीत. तेच घालून ये.

(सही) ग्रेटा बानास