सुटीचा शब्द

वस्ताद,

काल माझ्या नातवाने मोबाईलवर एक खेळ दाखवला. कुठला तरी थंड मुलुख, हिरवंगार मैदान, आणि बाया आपापल्या कुत्र्यांसोबत पळताहेत. कुत्रं पाट्यांवरून उड्या मारतं, कापडाच्या बोगद्यातून निघतं, काठ्यांच्या रांगेतून वळणं घेत जातं, आणि बाई बाजूने हातवारे करत धावते. एकीच्या गुडघ्याला पट्टा होता. नातू म्हणाला, "आबा, हिचं ऑपरेशन झालं होतं, तरी पळून राहिली पाहा." त्याला वाटलं मी खूश होईन, कारण माझ्या लंगड्या पायाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण मी भलतंच पाहत होतो. ती बाई कुत्र्याला रेषेवर बसवून एकटी पुढे चालत गेली, आणि ती जागेवर पोचेपर्यंत अख्खं मैदान गप्प होतं. एवढी माणसं, पण कोणी खोकललंसुद्धा नाही. मी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा, आणि शेवटी नातवाने कंटाळून मोबाईल काढून घेतला. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुमच्या क्वार्टरच्या जागी आता नुसत्या बाभळी आहेत, तेव्हा हे कुठे पाठवायचं ते मला विचारू नका.

मी खदानीच्या पहाऱ्यावर लागलो तेव्हा तुम्ही कुत्र्यांचे वस्ताद होता. तुमसरच्या वरच्या अंगाला आपली ती मॅंगनीजची खदान, सगळीकडे काळी धूळ, आणि बारूदघर राखायला ती मोजकी कुत्री. साहेबाने हुकूम इंग्रजीतून द्यायला सांगितलं होतं. सिट, स्टे, कम. बाकीचे शिपाई तसंच करायचे. तुम्ही मात्र साहेबासमोर मान हलवायचात आणि साहेब वळला की म्हणायचात, "कुत्र्याले इंग्रजी कायले पायजे? चोर का इंग्रजीत पळते?" तुमच्या कुत्र्याचं कागदावर एक इंग्रजी नाव होतं, तुम्ही त्याला बाबू म्हणायचात. पिल्लू असताना तुम्ही त्याला सदऱ्यात घालून फिरवलं होतं, असं काकू सांगायच्या, आणि वर म्हणायच्या की पोटच्या पोराला यांनी एवढं कधी उचललं नाही. तुमचा श्वास धुळीने लागायला लागला तेव्हा तुम्ही बाबूचा पट्टा माझ्या हातात दिलात. त्या दिवशी तुम्ही मला बाजूला, पाण्याच्या टाकीमागे नेलंत आणि त्याचा सुटीचा शब्द सांगितलात. कुत्र्याला बसवून आपण दूर गेलो की ते ज्या एका शब्दावर उठतं, तो सुटीचा शब्द. प्रत्येक शिपायाचा वेगळा, आणि कोणी कोणाला सांगायचा नाही. तुमचा शब्द होता 'चाल'. मी म्हटलं, वस्ताद, हा तर साऱ्या गावाच्या तोंडात आहे. तुम्ही चिडलात. "कुत्र्याले लोकं हाड म्हनतेत, नाही त यू-यू करतेत. चाल कोनी म्हनते का? चाल हा मानसाचा शब्द हाय, बाबूले मी मानसाचा शब्द देल्लो. समजलं का? आता हे तुह्या बायकोलेही सांगू नको." मला ते पटलं. खरंच, कुत्र्याला चाल म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि बाबूही एरवी त्या शब्दाला कान द्यायचा नाही. फक्त बसवलं, की त्याची वाट पाहायचा.

माल वाहायचा लोखंडी टप रुळावरून सुटला ती गोष्ट तुम्हाला काय सांगायची, तुम्हीच पहिले धावत आलात. भर दुपार, मालाने भरलेला टप चढावरून उलटा आला, माझ्या उजव्या पायाची नळी मोडली आणि गुडघा फिरला, बाबूचाही मागचा पाय मोडला. मी दवाखान्यात प्लास्टरमध्ये होतो, आणि बाबूला तुम्ही बांबूच्या कामट्या बांधून घरी ठेवलं होतं. मग साहेबाने तो शब्द काढला. कंडम. खुर्ची मोडली की कंडम, पंप बंद पडला की कंडम. कंडम खुर्ची लिलावात जाते, कुत्र्याला मरणाची सुई देतात. तुम्ही म्हणालात, मला द्या, मी पाळतो. नाही म्हणाले, पहाऱ्याचं चावरं कुत्रं वस्तीत सोडता येत नाही, नियम आहे. तुम्ही, जे कधी कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत, ते साहेबाच्या बंगल्याच्या पायरीवर दोन सकाळी बसून राहिलात. शेवटी साहेब म्हणाला, सगळ्या खदानींची कुत्र्यांची धावणी उन्हाळ्याआधी आहे, या वर्षी आपल्याच मैदानावर आहे. कुत्रं आणि त्याचा शिपाई दोघं त्यात पास झाले तर राहील, नाही तर कंडम. तुम्ही दवाखान्यात येऊन मला हे सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा एखादी लढाई जिंकल्यासारखा होता. मला तर अजून काठीशिवाय मोरीपर्यंत जाता येत नव्हतं.

धान कापून झाले होते, भाताच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. तुम्ही आम्हाला रोज सकाळी तिथे न्यायचात आणि एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून खोकत-खोकत ओरडायचात. आधी नुसतं चालणं. मग धुरा चढणं, उतरणं. मग धुऱ्यावरून उडी. बाबू तीन पायांवर उड्या घ्यायचा आणि चौथा पाय टेकवायला भ्यायचा, मीही तसाच. "दोघायचे मिळून सहा पाय, त्यातले चार चांगले," तुम्ही म्हणायचात, "मॅट्रिकले याच्याहून कमी मार्कात पोट्टे पास होतेत." घरी आलो की काकू एकाच गंजातून, पातेल्यातून, आम्हा दोघांना पेज वाढायच्या, मला मीठ टाकून आणि त्याला सुकटीची डोकी टाकून, आणि चुलीपाशी बसून आमच्या दोघांच्या पायांना गरम तेल लावायच्या. बाबूचं आधी. एकदा मी उडी मारून खाली आलो आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की मी तिथेच फतकल मारली आणि म्हटलं, माझ्याने होत नाही, जाऊ द्या. तुम्ही उठून आलात. मला वाटलं हात द्याल. तुम्ही म्हणालात, "तू नाही पळला त तुले बसून पेन्शन भेटन. याले काय भेटन?" एवढंच. मी उठलो. तो दिवस आठवला की आजही माझे कान गरम होतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या लोकरी पट्ट्या आणल्यात, तरुणपणी पायांना गुंडाळायचात त्या, आणि माझ्या गुडघ्याला स्वतःच्या हाताने बांधल्यात. कशा बांधायच्या ते शिकवलंत, कुठे घट्ट, कुठे सैल. माझ्या बापाने मला कधी चप्पल घेऊन दिली नाही, वस्ताद. मी त्या पट्ट्या घालून झोपायचो.

धावणीचा नियम सोपा होता. कुत्र्याला रेषेवर बसवायचं, शिपायाने एकट्याने मैदानापलीकडच्या झेंड्यापर्यंत चालत जायचं आणि वळून उभं राहायचं. परीक्षक साहेबाची शिट्टी झाली की शब्द द्यायचा. मग कुत्र्याने पाट्या ओलांडत यायचं, आणि तिथून दोघांनी जोडीने परत पळायचं. शिट्टीआधी कुत्रं उठलं की बाद. धावणीच्या आठवड्यात तुमचा श्वास फारच वाढला आणि तुम्हाला भंडाऱ्याला दवाखान्यात हलवलं. जाताना जीपमधून तुम्ही बाबूकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आपल्या मातीवर हाय. आपले लोकं हायेत. घाबरू नको." तुम्ही नव्हता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आज तेच सांगतो आहे.

मैदान भरलं होतं. बपेऱ्यापासून माणसं आली होती, माल फोडणाऱ्या साऱ्या रेजा, मजूर बाया, पोरंबाळं घेऊन बांधावर बसल्या होत्या. बाकी खदानींचे शिपाई झपझप झेंड्याकडे गेले, कुत्री आली, टाळ्या झाल्या. माझी पाळी आली. मी बाबूला 'बस' म्हटलं आणि निघालो. मला वेळ लागत होता. नीट चालायचं ठरवलं होतं, पण लोक पाहायला लागले की लंगडा पाय जास्तच लंगडतो. अर्ध्या मैदानात आलो तेव्हा सगळे चूप झाले, आणि ते चूप होणं मला कळलं, ते कीव येऊन चूप झाले होते. टपाखाली सापडलेला तो हाच, हे सगळ्यांना माहीत होतं. मग रेजांमधून एक म्हातारी उभी राहिली आणि तिने तोंडापुढे हात धरून हाक दिली, "चाल बापा, चाल!" मी वळून पाहिलं. बाबू बसला होता, कान वर झाले होते. मी जमेल तेवढं जोरात चालायला लागलो, आणि मी जोर केला असं पाहून लोकांना आणखी चेव आला. "चाल रे! चाल ना बे! चाल, चाल, चाल!" आपलेच लोक, वस्ताद. त्यांतल्या अर्ध्या बायांचे नवरे मला भेटायला दवाखान्यात आले होते. मी हात हलवून त्यांना गप्प करायला बघत होतो, त्यांना वाटलं मी मान स्वीकारतो आहे. माणसाला म्हणायचा शब्द ते माणसालाच म्हणत होते. बाबूने पहिल्यांदा स्वतःला धरून ठेवलं, दुसऱ्यांदा धरून ठेवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग तो उठला.

आणि काय आला तो! चारही पाय टेकवत आला. एकाही पाटीला त्याचं पोट लागलं नाही, मोडका पाय कोणता ते परक्या माणसाला ओळखू आलं नसतं. मी अजून झेंड्यापाशी पोचलोही नव्हतो. तो माझ्या डाव्या पायाशी येऊन बसला, वर पाहायला लागला, आता परत पळायचं ना, असं. शिट्टी झालीच नव्हती. बांधावर लोक नाचत होते, त्यांना वाटलं जिंकला. परीक्षक दुसऱ्या खदानीचा साहेब होता. मी त्याला हात जोडून सांगितलं की पब्लिकच्या आवाजाने उठला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "उसको तुम्हारा सुनना है, पब्लिक का नहीं." शब्द कोणता ते मी त्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे, पण तुम्ही नको म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला आलो. तुम्ही व्हरांड्यातल्या खाटेवर उशांना टेकून बसला होता, छातीच्या काड्या दिसत होत्या, दोन शब्दांमध्ये तुम्हाला थांबावं लागत होतं. माझं तोंड पाहूनच तुम्हाला कळलं. "काहून उठला तो?" तुम्ही विचारलंत. "माहा बाबू काहून उठला?" मी घरून ठरवून आलो होतो की खरं सांगायचं. मला तुमचा राग आला होता, तो अजून आहे. मी त्याच दिवशी टाकीमागे म्हटलं होतं की हा शब्द साऱ्या गावाच्या तोंडात आहे. पण तुमचे हात चादरीवर पडले होते, ते बाबूला सदऱ्यात धरलेले हात, आणि मी म्हटलं, "माहा पाय घसरला, वस्ताद. तोल जाऊन हात वर गेला. त्याले वाटलं बलावलं."  तुम्ही म्हणालात, "तुह्या लंगड्या पायानं माह्या पोराले खाल्लं." आणि भिंतीकडे तोंड करून, "माह्या पट्ट्या आनून दे." काकू रडायला लागल्या. मी पट्ट्या धुऊन, वाळवून, गुंडाळी करून आणून दिल्या. तुम्ही घेतल्यात आणि पुन्हा भिंतीकडे वळलात. पुढे घरी आणल्यावरही मी रोज दारात यायचो, तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. पहिला पाऊस पडायच्या आत तुम्ही गेलात.

सुईच्या दिवशी डॉक्टर म्हणाला, पकडायला दोन माणसं लागतील. मी म्हटलं, नाही लागणार. मी बाबूला 'बस' म्हटलं. तो बसला. मी समोर उकिडवा बसलो, गुडघा वाकत नव्हता तरी बसलो. सुई टोचली तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, सवयीप्रमाणे, शब्दाची वाट पाहत. मला तो म्हणता आला नाही. त्याची मान खाली गेली तोवर तो बसूनच होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला तर नाहीच.

खदानीतल्या लोकांनी विचारलं, मी पाय घसरला म्हटलं. बायकोला तेच, पोरांना तेच. इतक्यांदा सांगितलं आहे की आता मलाही तो घसरल्यासारखा आठवतो, फक्त गुडघा कबूल करत नाही. आज सकाळी वाटलं होतं, हे पत्र तुमच्या मुलाला नेऊन द्यावं. तो करडीला असतो, शेती करतो, बाजारात भेटला की चहा पाजतो, आणि चहा पिताना माझ्या पायाकडे पाहणं टाळतो. त्याला वाटतं त्याच्या बापाचा शेवट माझ्यामुळे कडू झाला. त्याने हे वाचलं तर त्याला बापाबद्दल निराळं काही तरी वाटेल, आणि ते मला याहून नको आहे. तेव्हा पत्र घरातच राहील.

एवढं मात्र सांगतो. मी आजही कोणाला 'चाल' म्हणत नाही. बायको चिडवते, "तुमाले साधं चाल म्हनता येत नाही का? जवा पाहा तवा निघू या, निघू या, पावन्यासारखे." मी हसून घेतो. रस्त्यात कोणी कोणाला तसं म्हटलं की माझी नजर आधी खाली जाते, डाव्या पायाशी. तुम्ही कुठे भेटलात आणि पुन्हा विचारलंत, तर पाय घसरला होता, वस्ताद.