ताई फोटोत येत नाही

मेहुणेबुवांना दाजींचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पोटाची तक्रार मिटली असेल. नसेल तर आधी तो काळाकुट्ट चहा आवर. इकडे माझे गुडघे आपापल्या मर्जीने चालतात आणि तुझी ताई म्हणते की ती ठणठणीत आहे. (दवाखान्यात मला बाकावर बसवून एकटीच आत जाते, बाहेर येऊन "जरा अशक्तपणा आहे" एवढंच सांगते. बांगडी मात्र आता थेट कोपरापर्यंत जाते.)

पत्राला कारण तू मागच्या खेपेला आणून दिलेला कॅमेऱ्याचा फोन. वस्तू झकास, वाद नाही. जन्मभर स्टुडिओत लोकांना "हनुवटी वर, श्वास रोखा" म्हणत आलो, पण घरच्या बाईचा धड एक फोटो झाला नाही. कधी रोल संपलेला, कधी गिऱ्हाईक दारात. आता रोल नाही नि गिऱ्हाईकही नाही, म्हटलं रोज एक काढू. पण बाबा, तुझा फोन तिला घेतच नाही.

हसू नकोस, नीट ऐक. फोटो ओला असताना बघायचा नाही, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. (या फोनात ओलं काही नसतं हे मला कळतं, माझ्या हातांना कळत नाही.) म्हणून फोटो काढला की फोन खिडकीत पालथा ठेवतो आणि दुपारची झोप झाली की चष्मा लावून बघतो. पहिल्या दिवशी लेक आली होती, मायलेकींना सोफ्यावर बसवलं. उठून बघतो तर लेक एकटी, आणि तिचा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर टेकावा तसा. दुसऱ्या दिवशी हिला कपाटाजवळ उभी केली. कपाट आलं, कपाटाच्या आरशात हिचा अंबाडा आला, ही नाही. घाबरून स्वयंपाकघरात गेलो तर बाई शांतपणे दूध तापवतेय. "तू फोटोत का येत नाहीस गं?" तर म्हणते, "हलले असेन."

मलाही ते पटलं. फार पूर्वीच्या मंद कॅमेऱ्यांत चालता माणूस काचेवर उमटायचाच नाही. हा फोनही म्हणे एका दमात बरेच फोटो काढून त्यांचा एक करतो. त्यात हलणारं गळत असेल, आणि तुझी ताई स्थिर कधी होती? म्हणून काल तिला खुर्चीत बसवून दम भरला, पापणी हलवायची नाही. बिचारी पुतळ्यासारखी बसली. झोपून उठलो तर खुर्ची रिकामी आणि मागच्या भिंतीवर तिची सावली.

लाल दिव्याखाली कोरा कागद औषधाच्या पाण्यात हलवत मी आयुष्य काढलं. आधी केस दिसायचे, मग डोळे, मग अख्खा माणूस वर यायचा. इथे उलटं चाललंय, माणूस खाली जातोय. हल्ली कप घ्यायच्या निमित्ताने मी तिच्या बोटांना हात लावून बघतो. असते. गार असते, पण असते.

तुझा,
दाजी

ता. क. फोन दुकानात बदलून मिळतो का बघ. पुढच्या आठवड्यात तिला चार दिवस दवाखान्यात ठेवणार आहेत (तपासणी म्हणे). त्याआधी मला तिचा एक फोटो हवाय.

आणखी एक. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही, हा तिचा मोठा गुण.

बाळ्या, ताई लिहितेय. फोन बदलू नकोस, तो चांगला आहे. फोटोतला विजेचा खांब बोटाने घेर काढून पुसायला तू शिकवलं होतंस, तेच करते. हे झोपले की. आरसा, सावली राहून जाते, तेवढी सफाई अजून नाही. यांनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांखालचं काळं ब्रशने घालवलं. माझा चेहरा त्या पडद्यावर मोठा करून बघितला की यांना सगळं कळेल. चार दिवसांचं नाही रे ते. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला मी तोंड उघडते, तेवढ्यात हे काहीतरी विनोद करतात आणि मला हसू येतं. तू ये आणि सांग. एकदा कळलं की काढू देत फोटो. मग नाही पुसणार.