सासूबाईंनी बेतलेली पिकअप

प्रिय साडूभाऊ यांस,

वयानं थोरल्या आणि अधिकारानं तुमच्याइतक्याच बिनअधिकारी साडूचा मनापासून नमस्कार. तुमच्या कंबरेचं कसं काय आहे? मागे तुम्ही म्हणाला होतात, उठताना आवाज येतो. माझ्याही गुडघ्यांतून येतो, तेव्हा आपण दोघांनी मिळून कुठं चोरी करायला जायचं नाही, एवढं पाळलं म्हणजे झालं. मेहुणीबाईंचा खोकला थांबला असेलच. (ही चौकशी माझी. आता हिची: धाकटीचा खोकला थांबला का? दोन्हींचं उत्तर वेगवेगळं द्यावं, म्हणजे मी फक्त निरोप्या नाही हे घरात सिद्ध होईल.) हे सगळं फोनवर बोललो असतो, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आधी घराला ऐकू जातं आणि मग पलीकडच्याला. म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी तुम्ही उभयता इकडे येणार, आपण चौघं सासूबाईंना समोर बसवणार आणि त्यांनी घेतलेली ती जुनी पिकअप विकून टाकायला त्यांना भाग पाडणार, असं दोघी बहिणींचं ठरलेलं आहे. भंगारवाल्याला संध्याकाळची वेळसुद्धा दिलेली आहे. त्याआधी सासूबाईंचं मन वळवून ठेवण्याची कामगिरी माझ्यावर सोपवली होती, कारण नोकरीतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून घरात रिकामा असा मी एकटाच. तर कळवण्यास आनंद होतो की मन वळलं आहे. कुणाचं, ते नीट कळावं म्हणून पहिल्यापासून सांगतो.

इमारत पाडायला घेतली म्हणून सासूबाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद झालं, तेव्हा आपल्या बायकांना झालेला आनंद तुम्ही पाहिलाच आहे. आईनं आता आराम करायचा, सहा महिने आमच्याकडे, सहा महिने तुमच्याकडे. (उन्हाळा कुणाकडे यावरून दोघींचं थोडं वाजलं, पण ते प्रेमातलं.) सासूबाई प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणाल्या. इतकी वर्षं जावई असून त्यांच्या "बरं"चा अर्थ आपल्याला कळू नये, हा आपला मठ्ठपणा. आठवड्याभरात आमच्या दारात पिकअप उभी.

गाडीचा मूळ रंग कोणता यावर आमच्या गल्लीत दोन तट आहेत. डावं दार दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं आहे. उजव्या दाराची काच हातानं वर ढकलून खाली लाकडी पाचर मारली की वर राहते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की हॉर्न आपोआप वाजतो (विकणाऱ्यानं ही जादा सोय म्हणून सांगितली). पूर्वी तिच्यातून कोंबड्यांची ने-आण व्हायची, त्यामुळे दार आपटलं की अजूनही कुठून तरी एक पीस उडतं. मी नाकाला रुमाल लावून म्हटलं, आई, तुम्हाला चक्क गंडवलं. त्यांनी विकणाऱ्याला इंजिन चालू करायला लावलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "थकलीय, पण लबाड नाही. कुठं दुखतंय ते सरळ सांगते." माझ्याबद्दल एवढं चांगलं त्या आजवर कधी बोललेल्या नाहीत.

विकणारा गाडी दारात लावून गेला, आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. हलवणार कोण? डोळ्यांच्या ऑपरेशनपासून सासूबाईंना डॉक्टरांनी गाडी चालवायचा विचारही करू नका म्हणून बजावलं आहे. हिला भीती वाटते. आणि मला येत नाही, हे तुमच्या स्कूटरला आणि त्या भिंतीला विचारावं. "चालवणार कोण?" हा हिचा हुकमी एक्का. सासूबाई त्यावर "बघू" म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

काम म्हणजे गाडीचं फिरतं दुरुस्तीचं दुकान करायला तिच्यात काय काय बदल करायचे त्याची आखणी. आपण दोघं कागदावर आकडे लिहून बसलो असतो. पण जन्म कापड आणि मशीन यांच्यात गेलेली बाई, तिनं शिंप्याचा खडू घेतला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर अख्खी पिकअप काढली, जशीच्या तशी, पूर्ण मापाची. मागचा हौदा, त्याचा फाळका, म्हणजे मागचं खाली पडणारं दार, पुढची केबिन, सगळं. चाकांवरच्या कमानी आत जिथे वर येतात, तिथे दोन घमेली पालथी घातली. बाक इथे, सुट्या भागांचे खण इथे, मशीन ठेवायचं फळकूट फाळक्यातून असं बाहेर ओढायचं, बाजूचा पत्रा वर उचलला की गिऱ्हाइकाला सावली. आणि गेले कितीतरी दिवस आम्ही ह्या गाडीत राहतो आहोत. आत यायचं ते फाळक्याकडूनच. शेजारचे हेडमास्तर परवा वर्तमानपत्र मागायला आले ते सरळ टीपॉयकडे चालत गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, पत्र्यातून आलात." मास्तर बिचारे माफी मागून परत दारापर्यंत गेले आणि फाळक्यातून आले. चहा घेताना ते बाकाच्या रेघेच्या आत पाय दुमडून बसले होते. शिस्तीचा माणूस.

एक दिवस हिचा पारा चढला. तिनं बादली भरली आणि सगळी पिकअप पुसून टाकली, घमेल्यांसकट. मी वर्तमानपत्रात डोकं घातलं (चौथ्या पानात; तिथे सहसा कुणी शोधत नाही). सासूबाई बाहेरून आल्या, स्वच्छ फरशी पाहिली, म्हणाल्या, "बरं झालं, धूळ फार झाली होती," आणि खडू घेऊन बसल्या. टेप हातात घेतली नाही. पुन्हा सगळी गाडी काढली. त्या आत गेल्यावर ही गुपचूप टेप घेऊन मापं तपासायला बसली. बोटभराचाही फरक नव्हता. संध्याकाळी हिनं झाडताना रेघांच्या कडेकडेनं झाडलं.

आता चूक सांगतो, कारण नुसतं कौतुक करत सुटलो तर तुम्ही म्हणाल साडू फितूर झाला. हौद्यावर जे पत्र्याचं छत बसवायचं, त्याचे साचे सासूबाईंनी जुन्या वर्तमानपत्रांचे कापले आणि पत्र्याचं काम करणाऱ्याकडे दिले. त्यानं इमानेइतबारे तसेच पत्रे कापले. हातगाडीवरून आणून हौद्यावर ठेवले, तर प्रत्येक बाजू अर्धा इंच जास्त! सासूबाईंनी हातात कात्री आल्यावर हाताच्या सवयीनं सगळीकडे शिलाईत जाणारं मार्जिन सोडलं होतं. पत्र्याला! पत्र्याचं काम करणारा तोंड दाबून हसत होता. मी त्याच्याकडे रागानं बघत होतो आणि मलाही हसू येत होतं. पण आमच्या दोघांच्या आधी सासूबाईच हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदरानं डोळे पुसले आणि त्याला म्हणाल्या, "जास्तीचं कापू नकोस. बाहेरच्या अंगाला दुमड. सांध्यावरचं पाणी आत न जाता बाहेर पडेल." त्यानं दुमडलं. वर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर आत टिपूस नाही. आता तो म्हणे दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारतो, मार्जिन ठेवू का? हिला मात्र ही बातमी लागलीच. आईची मापं चुकायला लागली, हा रविवारच्या बैठकीत दुसरा मुद्दा असणार आहे, ह्याची नोंद घ्यावी.

माझं मन कधी वळलं म्हणाल, तर एका दुपारी. पिशव्या शिवणारी एक बाई आली, दिवस भरत आलेले, आणि खांद्यावर मशीनचं डोकं. दुकान पाडलेलं पाहून विचारत विचारत आमच्या घरापर्यंत चालत आली होती. मशीन बंद म्हणजे तिचं घर बंद. सासूबाईंनी तिला खडूच्या बाकावर, म्हणजे फरशीवरच, उशी देऊन बसवलं, पाणी दिलं आणि मशीन उघडलं. फार काही नव्हतं, खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलमध्ये दोरा गुंतून आतला तुकडा सरकला होता. काम झालं, बाईच्या चेहऱ्यावर रंग आला. मशीन घरापर्यंत मी उचलून नेलं. (फार जड असतं हो. अर्ध्या वाटेत तीच मला म्हणाली, दादा, द्या माझ्याकडे.) परत आलो तर सासूबाई फाळक्याच्या रेघेवर बसलेल्या. म्हणाल्या, "जावईबापू, दुकानात होते तेव्हा मला वाटायचं, गिऱ्हाईक आपसूक येतं. ते कसं येतं ते कधी बघितलंच नव्हतं. मला आराम नको असं नाही. पण तिनं उचलून आणायचं आणि मी बसून राहायचं, हे मला जमणार नाही." साडूभाऊ, मी त्यांना समजवायला नेमलेला माणूस. मी पाठ केलेले सगळे मुद्दे गिळले आणि विचारलं, आई, खणांना मुठी कसल्या लावायच्या? तर रिकाम्या लाकडी रिळांच्या. रस्त्यात खण उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला मशीनच्या झाकणाची कडी. चढायला पायरी म्हणून जुन्या मशीनचं पायडल, कारण गुडघे दुखणाऱ्या बायकाच फार येतात. त्यांनी सगळ्यांचा विचार केला आहे.

त्यात मीही होतो, हे परवा कळलं. गेले कित्येक दिवस सासूबाई रोज सकाळी मला केबिनच्या रेघांत स्टुलावर बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायच्या. "पाय जरा लांब करा, असे. अवघडून बसू नका." मला वाटायचं, माझं वाचन आवडतं. परवा त्यांनी मला खऱ्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागी बसवलं. सीट लाकडी ठोकळ्यांवर पुढे आणि वर घेतलेली, पाठीला नवी शिवलेली गादी, पायाखालच्या तिन्ही पेडलांवर मशीनच्या पट्ट्याचे तुकडे गुंडाळून घट्ट शिवलेले. आणि माझे पाय पोचले! तुम्हाला माझी उंची माहीत आहे. आजवर ज्या ज्या खुर्चीत बसलो तिथे माझे पाय लोंबकळलेत. मी म्हटलं, आई, मला चालवता येत नाही. त्या म्हणाल्या, "शिलाई तरी कुणाला आईच्या पोटातून येते? तुम्हाला कशाची घाई नसते. जुन्या गाडीला असाच माणूस लागतो." हाच गुण ऑफिसात दरवर्षी माझ्या नावापुढे दोष म्हणून लिहिला जायचा. निवृत्तीनंतर माझा कुणाला काही उपयोग आहे, असं वाटायचंच थांबलं होतं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी मान खाली घालून स्टिअरिंग पुसलं, तर ते डावीकडे फिरलं आणि हॉर्न वाजला. सगळी गल्ली बाहेर आली.

तेव्हा रविवारी आपण सासूबाईंसमोर बसू तेव्हा तुम्ही काय बोलायचं ते तुम्हीच ठरवा. तुम्ही शहाणे आहात. मी मात्र कुठल्या बाजूला बसलेलो असेन ते कळवून ठेवलं. मेहुणीबाईंना आशीर्वाद, तुमच्या कंबरेला शेक.

आपला,
थोरला साडू

ता. क. तुमचं ड्रायव्हिंग स्कूल कसं चाललं आहे हे विचारायचं राहूनच गेलं. रविवारऐवजी शुक्रवारी, शक्यतो एकट्यानं, येता आलं तर पाहा. येताना ती "शिकाऊ" लिहिलेली लाल पाटी आणावी, पिशवीत झाकून. कुणी विचारलं तर गाडीची किंमत ठरवायला आलो म्हणून सांगा.

आणखी एक ता. क. भंगारवाल्याला मी आज जाऊन सांगितलं की गाडी गेली. आश्चर्य म्हणजे कुठे गेली, कशी गेली, त्यानं काहीच विचारलं नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र वाचून फाडून टाकावं. आपल्या बायकांच्या हाती पडता कामा नये.

ता. क. (हे अक्षर माझं. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याच हाती दिलं.) भावोजी, तुम्ही रविवारीच या आणि धाकटीला घेऊन या, तिच्याशी मी बोलते. भंगारवाल्यानं ह्यांना काही विचारलं नाही, कारण त्याला मी आधीच नको म्हणून कळवलं होतं. लाल पाटी उघडी आणली तरी चालेल. फक्त एक अट आहे. ह्यांचा हात बसेपर्यंत आईला शेजारी बसवायचं नाही, आई मला एकच आहे. आणि ह्यांना एकटंही सोडायचं नाही, हेही एकच आहेत. शेजारी मी बसेन.