सड्यावरचा ठिपका

सोमवार, ३ फेब्रुवारी
अखेर मुंबई! डिलाईल रोडच्या चाळीत खोली मिळाली. बाबा ज्या गिरणीत राबले, तिच्या जागी आता टॉवर आहे आणि मी त्याच्या लॉबीतलं जुनं चित्र साफ करायला आलेय. दैवाची गंमत, दुसरं काय! चित्र बारा फुटी चौरस. ना झाड, ना घर; नुसते तांबड्या कावेचे, राखाडी, पिवळट पट्टे आणि सगळ्यांत वर एक निळी चीर. मॅनेजर हर्षवर्धन म्हणाले, यातलं आपल्याला काही कळत नाही. बाबांना हल्ली विसर पडतो, एकटं ठेवता येत नाही, म्हणून सोबत नेलं. त्यांना बघताक्षणी कळलं. हा आपला देवगडचा सडा, कड्यावरचा कातळाचा माळ, म्हणाले. शिमग्याआधीचा, गवत वाळलेला. वरचा निळा म्हणजे कड्याखालचा समुद्र. मग मलाही तेच दिसायला लागलं.

मंगळवार, ४
दोरे ताणून चित्राचे छत्तीस चौकोन पाडले. प्रत्येकाचा फोटो, वहीत नोंद, मग सफाई. कापसाच्या बोळ्याला आपलीच थुंकी लावून हलकेच पुसायचं. लोक नाक मुरडतात, पण जुन्या रंगाला इतकं सौम्य दुसरं काही नाही. बाबा स्टुलावर खूश होते. भर बाराला ते एकदम उठले आणि चित्राकडे बघून "ओ!" म्हणाले. "माका हाक मारल्यान." किती वेळा, विचारलं. एकदाच. सड्यावर एका हाकेला ओ द्यायची नाही, माणूस असेल तर तीनदा हाक मारेल, हे मला लहानपणी त्यांनीच बजावलेलं! मी चेष्टेने म्हटलं, आता गेलात तुम्ही. दोघंही पोट धरून हसलो.

बुधवार, ५
खालच्या ओळीत, तेहेतिसाव्या चौकोनात, तिळाएवढा ठिपका. कालच्या फोटोत नाही. माशीची घाण असेल म्हणून पुसायला घेतला. डावी कड निघाली, तोच मागे बाबा ओरडले. त्यांचा डावा हात लुळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, नस दबली असावी. बोळा लाल झाला होता. काव सुटली, अशी नोंद केली.

शुक्रवार, ७
बाबा नाहीत. काल बाराला मी बोळे धुवायला गेले, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं. कॅमेऱ्यात दिसतं, ते उठून चित्राकडे जातात. मग नुसतं स्टूल. पोलिसांत तक्रार दिली. कॉटन ग्रीनपर्यंत पायी शोधलं, दिसेल त्याला फोटो दाखवला. देवा, कुठे शोधू?

शनिवार, ८
ठिपका एक ओळ वर, सत्तावीसमध्ये सरकलाय. भिंगातून पाहिलं. पांढरा सदरा. डावा हात नाही.
मी पुसला. माझ्या हाताने मी—

रविवार, ९
सकाळी एकविसात होता, आता पंधरात. कड्याकडे चाललेत. कडा आहे हे त्यांना आठवणार नाही. बाबा, मागे फिरा!
मंगळवारी मोठे पाहुणे येणार. उद्या दुसरा माणूस येऊन सगळं केमिकलने पुसणार. हर्षवर्धनच्या पाया पडले. ते म्हणाले, ताई, घरी जा, आराम करा.
बाराला हाक आली. "बकू." मला बकू म्हणणारं जगात एकच माणूस. पण एकदाच. शहाण्यासारखी गप्प राहिले, दुसरीची वाट बघत. आली नाही. ठिपका क्षणभर थांबलेला. मग पुन्हा चालू लागला.
का नाही ओ दिली मी?

सोमवार, १०
तिसरा चौकोन. समोर निळं. खाली खोल.
तो माणूस आलाय. बाटल्या मांडतोय. बारानंतर सुरू करणार, वरून.
हाक बाबांची असेल. किंवा त्याची, ज्याने बाबांना— काही फरक पडत नाही आता. मला दोन्ही हात आहेत. मी त्यांना धरीन.
वही स्टुलावर ठेवतेय. दादा, तुमच्या पाया पडते, वरच्या ओळीतला तिसरा चौकोन पुसू नका. तिथला ठिपका डाग नव्हे. एक होता, आता दोन दिसतील. दोन्ही पुसू नका. खाली यायला आम्हाला सहा दिवस तरी
बारा वाजले
एकदाच आली
ओ—